संगणकाची बिनतारी जोडणी : दोषाचे निदान व उपाय

कपाशीची पाने पिवळी पडली की नत्राची कमतरता आहे असे गृहीत धरून युरियाचे पोते फोडणारा शेतकरी प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने पाहिलेला असतो. मुळाशी पाणी साचल्यानेही पाने पिवळीच पडतात. तेव्हा युरियाचा खर्च वाया जातो आणि निचऱ्याचे काम मात्र राहून जाते. कार्यालयातील टेबलावरच्या संगणकाची बिनतारी जोडणी, म्हणजे वाय-फाय, बंद पडते तेव्हा नेमका हाच प्रकार घडतो. पडद्यावर ‘जोडलेले आहे, परंतु इंटरनेट नाही’ असे एकच लक्षण दिसते. त्यामागची कारणे मात्र भिन्न, कधी तर परस्परविरुद्ध असतात.

हा विषय केवळ सोयीचा राहिलेला नाही. खरीप पीक विम्यासाठी सर्वसाधारणपणे ३१ जुलै ही अंतिम तारीख असते. त्या आठवड्यात केंद्रातील संगणक चार तास बंद राहिला, तर ओट्यावर कागदपत्रे घेऊन बसलेल्या शेतकऱ्यांचा दिवस बुडतो. शेवटच्या दिवशी बंद राहिला, तर हंगामाचे संरक्षण जाते. ग्रामीण कृषी मौसम सेवेची सल्ला पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होते. ती शनिवारी हाती आल्यास शुक्रवारी केलेली फवारणी पावसात धुऊन गेलेली असते. म्हणून दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ तालुक्याहून येईपर्यंत थांबण्यापेक्षा निदानाचा क्रम केंद्रातील किमान दोन व्यक्तींना अवगत असणे इष्ट होय.

टी. नगरची गर्दी

चेन्नईतील टी. नगर ही देशातील अत्यंत गजबजलेल्या व्यापारी वस्त्यांपैकी एक आहे. मांबलम रेल्वे स्थानकाला लागून असलेल्या रंगनाथन रस्त्यावर सणासुदीला पाऊल ठेवण्यास जागा नसते. (ही वस्ती १९२० च्या दशकात एका विस्तीर्ण तलावाची जागा भरून वसवण्यात आली, हे जलसंधारणात काम करणाऱ्या वाचकांना रोचक वाटावे.) तेथील एखाद्या दुकानातील संगणकावर उपलब्ध वाय-फाय जाळ्यांची यादी उघडली, तर ती पडदाभर पुरून उरते : वरच्या मजल्यावरचे कापड दुकान, शेजारचा सराफ, समोरचे उपाहारगृह, मागची निवासी इमारत. संदेशाची तीव्रता उत्तम असते, सर्व पट्ट्या भरलेल्या दिसतात. तरीही पान उघडत नाही.

याचे कारण तरंगांच्या वाटपात आहे. वाय-फाय प्रामुख्याने २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत चालते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्यात आला आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये घराबाहेरील वापरासाठीही खुला झाला. परवाना नाही याचा अर्थ कोणीही यावे, असाच होतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ असे वाहिनी क्रमांक आहेत. पण ते शेताच्या बांधांप्रमाणे एकमेकांपासून तुटक नाहीत. एका वाहिनीची रुंदी शेजारच्या अनेक वाहिन्यांवर पसरते. परस्परांत न मिसळणाऱ्या वाहिन्या प्रत्यक्षात १, ६ आणि ११ या तीनच धरल्या जातात.

एका वाहिनीवरील सर्व उपकरणे बोलण्यापूर्वी ऐकतात. दुसरे कोणी बोलत असेल तर थांबतात व मग आपली पाळी घेतात. विहिरीवरच्या पाणीपाळीसारखीच ही व्यवस्था आहे. भागीदार वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेळ येतो, परंतु पाळी तरी मिळते. १ व ६ वर गर्दी दिसते म्हणून एखाद्याने मधली ३ किंवा ४ क्रमांकाची वाहिनी निवडली, तर स्थिती सुधारण्याऐवजी बिघडते. कारण आता त्याचे उपकरण दोन्ही बाजूंच्या पाळीत नाही आणि दोन्ही बाजूंचा गोंगाट मात्र त्याला ऐकू येतो. म्हणून गर्दीच्या जागी १, ६, ११ पैकी सर्वांत कमी वापराची वाहिनी घ्यावी, वाहिनीची रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि संगणकातील वाय-फाय यंत्रास चालत असल्यास ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जावे. या पट्ट्यात वाहिन्या अधिक आहेत, शिवाय हे तरंग भिंती भेदून फार दूर जात नाहीत. टी. नगरमध्ये हा दोष नसून गुण आहे, कारण शेजाऱ्याचा गोंगाटही आपल्या दुकानात पोहोचत नाही.

हाच सल्ला मराठवाड्यातील एखाद्या कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जावा आणि परिणाम उलटा व्हावा, असे वारंवार घडते. तेथे यादीत एकच जाळे दिसते : केंद्राचे स्वतःचे. गर्दी मुळीच नाही; अडचण अंतराची, दगडी भिंतींची आणि पत्र्याची आहे. शहरातील दुकानात ‘जलद चालते’ म्हणून सुचवलेला राउटर आणून ५ गिगाहर्ट्झवर लावला, तर दोन भिंतींपलीकडच्या खोलीतील संगणकास जाळेच सापडत नाही. अशा ठिकाणी २.४ गिगाहर्ट्झचा संथ परंतु दूर पोहोचणारा पट्टाच उपयुक्त ठरतो. राउटर खरेदी करताना त्याच्या वेगापेक्षा दोन्ही पट्टे स्वतंत्र नावांनी चालू ठेवता येतात की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.

निदानाचा क्रम

प्रथम दोष कोठे नाही हे ठरवावे. त्याच वाय-फायवर एक भ्रमणध्वनी जोडावा, त्यावरील मोबाइल डेटा बंद करावा आणि एखादे पान उघडून पाहावे. मोबाइल डेटा बंद करण्यास बहुतेक जण विसरतात. मग फोन स्वतःच्या इंटरनेटवर पान उघडतो आणि सर्व निष्कर्ष चुकतो. फोनवरही पान उघडत नसेल, तर दोष संगणकात नाही. राउटर किंवा फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ या नावाचा लाल दिवा पेटलेला असल्यास प्रकाशतंतूतून संदेशच येत नाही. रस्त्याच्या कामात तार तुटलेली असू शकते किंवा उंदरांनी कुरतडलेली असू शकते. येथे सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवण्याखेरीज उपाय नाही; संगणकाशी झटापट करण्यात वेळ घालवू नये.

फोन चालतो आणि संगणक चालत नाही, असे आढळल्यास संगणकाकडे वळावे. येथे दोन स्थिती संभवतात. पहिल्या स्थितीत संगणकावर वाय-फायचे चिन्हच दिसत नाही. लॅपटॉपमध्ये वाय-फाय यंत्र अंगभूत असते. टेबलावरच्या अनेक संगणकांत ते मुळातच नसते आणि यूएसबी खाचेत बसवलेल्या बोटाएवढ्या यंत्रावर काम चालते. साफसफाईत ते सैल होते किंवा कोणीतरी पेन ड्राइव्ह समजून काढून ठेवते. ते काढून दुसऱ्या खाचेत बसवावे. तरीही चिन्ह न आल्यास ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘नेटवर्क अॅडॉप्टर्स’ या शीर्षकाखाली पाहावे. यंत्राच्या नावावर खाली वळलेला बाण असल्यास ते बंद केलेले आहे व तेथूनच चालू करता येते. पिवळे उद्गारचिन्ह असल्यास ड्रायव्हर, म्हणजे यंत्र चालवणारी आज्ञावली, बिघडलेली आहे. ती उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून फोनवर उतरवून घ्यावी व तारेने संगणकात आणावी. ‘सर्व ड्रायव्हर मोफत’ अशी जाहिरात करणाऱ्या अनोळखी स्थळांवरून कदापि घेऊ नये. ज्या संगणकावर शेतकऱ्यांचे आधार व बँक तपशील हाताळले जातात, त्यावर तर नाहीच.

दुसऱ्या स्थितीत चिन्ह आहे, जाळे सापडते, पण जोडणी होत नाही किंवा होऊनही इंटरनेट मिळत नाही. राउटरचा सांकेतिक शब्द बदललेला असल्यास संगणक जुनाच शब्द पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. अशा वेळी ते जाळे ‘फर्गेट’ करून नव्याने जोडावे. नव्या राउटरवर केवळ डब्ल्यूपीए ३ ही सुरक्षा पद्धत ठेवलेली असेल, तर जुनी वाय-फाय यंत्रे तिच्याशी जुळत नाहीत. राउटरमध्ये डब्ल्यूपीए २ व ३ अशी मिश्र पद्धत निवडावी. वाहिनी १२ किंवा १३ वर ठेवलेले जाळे काही आयात यंत्रांना दिसतच नाही, हेही ध्यानात असावे.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

जोडणी झालेली असून इंटरनेट नसल्यास अंदाज बांधत बसण्याऐवजी संगणकालाच प्रश्न विचारावेत. ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टंकावी. उत्तरात ‘आयपीव्ही ४’ या ओळीसमोर चार भागांचा एक क्रमांक येतो. तो १९२.१६८ ने सुरू होत असल्यास बहुधा राउटरने संगणकास रीतसर पत्ता दिलेला आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटरने पत्ता दिलेला नाही. उत्तराची वाट पाहून संगणकाने स्वतःच एक निरुपयोगी पत्ता घेतलेला आहे.

हा दुसरा प्रकार प्रशिक्षणाच्या दिवशी हमखास उद्भवतो. सभागृहात साठ शेतकरी येतात, वाय-फायचा शब्द फळ्यावर लिहिला जातो, साठ फोन जोडले जातात आणि दुपारी कार्यालयातील संगणक बाहेर फेकला जातो. साध्या राउटरांवर एका वेळी जोडल्या जाणाऱ्या उपकरणांची मर्यादा अनेकदा ३२ इतकीच असते. शिवाय राउटरजवळ वाटण्यासाठी पत्त्यांची संख्या ठरलेली असते आणि दिलेला पत्ता फोन घरी गेल्यावरही काही तास अडकून राहू शकतो. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केल्यास तात्पुरती सुटका होते. कायमचा उपाय म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवणे आणि कार्यालयीन संगणकाचा पत्ता राउटरमध्ये राखीव करून टाकणे. मर्यादा ३२ चीच असेल, तर सभागृहासाठी वेगळा राउटर घ्यावा लागेल.

पत्ता योग्य असल्यास पुढची आज्ञा ‘पिंग’. प्रथम त्याच उत्तरात ‘डिफॉल्ट गेटवे’ समोर दिलेल्या क्रमांकास, म्हणजे राउटरलाच, हाक मारावी. उत्तर न आल्यास किंवा चारपैकी दोनच हाकांना उत्तर आल्यास दोष संगणक व राउटर यांच्यामधील हवेत आहे. राउटर उत्तर देत असल्यास ८.८.८.८ या सार्वजनिक पत्त्यास हाक मारावी. येथे मौन असेल तर दोष राउटरच्या पुढे, सेवा पुरवठादाराकडे आहे. येथेही उत्तर येत असेल आणि तरीही कोणतेच पान उघडत नसेल, तर नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस यंत्रणा बिघडलेली असण्याचा संभव अधिक. जोडणीच्या मांडणीत डीएनएससाठी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा पत्ता भरल्यास बहुधा काम सुरू होते. एकच शासकीय पोर्टल उघडत नसेल आणि बाकी सर्व पाने उघडत असतील, तर केंद्रातील कोणत्याही वस्तूस हात लावू नये. तो भार पोर्टलवरचा आहे.

वाय-फायवर नाहक येणारा आळ

एका दोषाचा उल्लेख येथे सविस्तर करणे आवश्यक आहे, कारण त्यात संपूर्ण दिवस वाया गेल्याची उदाहरणे ग्रामीण केंद्रांत नेहमीची आहेत. सर्व हाकांना उत्तर येते, पण विमा, अनुदान किंवा बँकेचे पान उघडताच ‘आपले कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा येतो. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. ती दहा वर्षांपूर्वीची असेल, तर कारण सापडले. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठराविक मुदतीची असतात. संगणकाचे घड्याळ जुन्या काळात असल्यास आजचे प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अद्याप अस्तित्वातच आलेले नसते आणि तो पान नाकारतो.

घड्याळ मागे जाण्याचे कारण मदरबोर्डवरील सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा घट. संगणकाचा वीजपुरवठा पूर्ण तुटला की हा घट घड्याळ चालते ठेवतो. भारनियमनाच्या भागात संगणक दिवसातून अनेक तास विजेविना असतो, त्यामुळे घटावर ताण येऊन तो लवकर संपतो. शहरात हाच दोष क्वचित दिसतो व म्हणून शहरातील तंत्रज्ञाला दूरध्वनीवरून तो चटकन सुचतही नाही. तारीख हाताने दुरुस्त करून काम पुढे न्यावे. फरक मोठा असल्यास संगणक तो आपणहून दुरुस्त करीलच असे नाही. नंतर संगणकाची वायर भिंतीतून काढून घट बदलावा. हा घट घड्याळ दुरुस्तीच्या दुकानातही मिळतो.

जागा, लोखंड आणि ओल

२.४ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. लोखंडी कपाट, पत्र्याची पाखी, जाळीचे दार ही त्याच्या मार्गातील पक्की भिंत होय. पाणी हे तरंग शोषून घेते. पावसाळ्यात ओलावलेली जाड भिंत, भरलेली पाण्याची टाकी आणि खोलीत छतापर्यंत रचलेली ओलसर मालाची पोती, या सर्वांचा परिणाम होतो. मे महिन्यात उत्तम चालणारा संगणक ऑगस्टमध्ये रडू लागतो, त्यात यंत्राचा दोष असेलच असे नाही.

त्यातही टेबलावरच्या संगणकाची स्वतःची एक अडचण आहे. त्याची पेटी लोखंडी असते, ती टेबलाखाली भिंतीला टेकवून ठेवलेली असते आणि वाय-फाय यंत्र पेटीच्या मागच्या बाजूस असते. म्हणजे राउटर समोर असला तरी मध्ये संपूर्ण लोखंडी पेटी येते. यूएसबीची एक मीटरची जोडतार घेऊन यंत्र टेबलावर आणून ठेवावे. एवढ्याने तीव्रतेत पडणारा फरक अनेकदा नव्या राउटरने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ खाचेत बाह्य हार्ड डिस्क चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो, म्हणून वाय-फाय यंत्र तिच्या शेजारी बसवू नये. ज्या मदरबोर्डमध्ये वाय-फाय अंगभूत असते, त्याच्या दोन लहान अँटेना खोक्यात वेगळ्या येतात. त्या न बसवताच संगणक वर्षानुवर्षे चालवला जात असल्याचे आढळते. मागच्या बाजूस दोन पितळी आटे उघडे दिसले, तर खोके शोधावे.

तीव्रता मोजण्यासाठी फोनवरील वाय-फाय विश्लेषक अॅप पुरेसे आहे. फोन हातात धरून नव्हे, तर वाय-फाय यंत्राच्या जागी ठेवून वाचन घ्यावे. वाचन उणे डीबीएममध्ये येते : उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास दृश्य-बैठकीसाठीही समाधानकारक, उणे ८० म्हणजे जोडणी केव्हाही तुटेल. दर १० डीबीएमला शक्ती दहा पटींनी घटते, त्यामुळे उणे ६० व उणे ७० यांतील फरक किरकोळ समजू नये.

उपकरण अधूनमधून, विशेषतः काही काळ काम न केल्यावर तुटत असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील त्या यंत्राच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर वीज वाचवण्यासाठी यंत्र बंद करण्याची जी परवानगी दिलेली असते, ती काढून टाकावी. ‘नेटवर्क रीसेट’ हा अखेरचा उपाय आहे. त्याने जतन केलेले सर्व सांकेतिक शब्द पुसले जातात. ते आधी वहीत उतरवून घ्यावेत.

इमारतीबाहेरचे अंतर

मुख्य कार्यालय व प्रक्षेत्रावरील प्रशिक्षण गृह यांत दोनशे मीटर अंतर असल्यास राउटरचा उपयोग होत नाही. येथे चेन्नई परिसरातील जुना अनुभव मार्गदर्शक आहे. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने १९९८ मध्ये पुदुच्चेरीच्या ग्रामीण भागात माहिती केंद्रांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. विलियनूर येथील मध्यवर्ती केंद्रातून गावोगावच्या केंद्रांशी संपर्क ठेवण्यासाठी, दूरध्वनी पुरेसा नसल्याने, व्हीएचएफ बिनतारी संचांतून आवाज व माहिती दोन्ही पाठवली जाई आणि विजेच्या तुटवड्यावर सौर पॅनेलचा आधार घेतला जाई. वीरमपट्टिणम या मच्छीमार गावात समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवला जाई. पुढे आयआयटी मद्रासच्या गटाने विकसित केलेली कॉरडेक्ट ही बिनतारी प्रणाली गावांतील इंटरनेट केंद्रांसाठी वापरली गेली. तिचा पल्ला थेट दृष्टिरेषेत सुमारे दहा किलोमीटरचा होता, आणि कळीचे शब्द ‘थेट दृष्टिरेषेत’ हेच होते. अँटेना उंच खांबावर चढवल्याखेरीज ती चालत नसे.

आज ५ गिगाहर्ट्झवर चालणारी दिशादर्शी उपकरणांची जोडी हेच काम पुष्कळ अधिक वेगाने करते. दृष्टिरेषेचा नियम मात्र बदललेला नाही. दोनशे मीटर अंतरावर केवळ समोरचा खांब दिसणे पुरेसे नसून मध्यभागी रेषेच्या खाली व वर सुमारे दीड मीटर जागा मोकळी लागते. जूनमध्ये मोकळ्या शेतावरून बसवलेली जोडणी डिसेंबरात उसाच्या पानांआड जाते. हिरव्या पानातील पाणी तरंग शोषते आणि मग उपकरणावर दोष येतो. खांबाची उंची पूर्ण वाढलेल्या पिकाचा, आणि बांधावरच्या आंब्याच्या दहा वर्षांनंतरच्या विस्ताराचा, हिशेब करून ठरवावी.

एका इमारतीत मात्र, शक्य तेथे, तार ओढणे हाच सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. टेबलावरचा संगणक जागा बदलत नाही. त्यास बिनतारी ठेवण्याचे फारसे कारण नसते. इथरनेटची कॅट ५ई किंवा कॅट ६ तार शंभर मीटरपर्यंत चालते आणि एकदा बसवली की वाहिनी, ओल, लोखंडी कपाट यांपैकी कशाचाही प्रश्न उरत नाही. दोन इमारतींमध्ये मात्र तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नये. वळवाच्या विजा तिच्यावाटे दोन्ही टोकांची उपकरणे जाळू शकतात. तेथे प्रकाशतंतू वापरावा.

अंतिम तारखेच्या दिवशी यांपैकी काहीही करण्यास वेळ नसल्यास फोन यूएसबी तारेने संगणकास जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. यास संगणकात वाय-फाय यंत्र असण्याचीही गरज नाही आणि फोन त्याच वेळी चार्ज होत राहतो. गावात ज्या कंपनीचा संदेश खिडकीजवळ चांगला मिळतो, तिचे एक कार्ड केंद्रातील जुन्या फोनमध्ये घालून आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदा चालवून पाहून ठेवावे.